पालीच्या बागेतलं पाणी

"तो बघ, पाणी सोडणारा. याला कुणी बोलावलं?"

मागच्या खुर्चीवरून ही कुजबुज आली, तेव्हा व्यासपीठावर काकांच्या फोटोला हार घातला जात होता. चपला बाहेर काढून धाकूदादा सभागृहाच्या दाराशी उभे होते. पालीजवळच्या ज्या बागेची त्यांनी वीस वर्षं राखण केली, तिथून त्यांना काढल्याला दोन वर्षं झाली होती.

माझे काका अचूक शेतीचे शास्त्रज्ञ. मातीत सेन्सर पुरायचे आणि झाडाला पाणी कधी द्यायचं हे यंत्राला ठरवू द्यायचं, हे त्यांचं काम. ते परदेशातल्या सपाट शेतांत शिकले आणि तीच शेतं डोक्यात घेऊन रत्नागिरीला परतले. बागेत शिरताना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायचे. मी त्यांची मदतनीस. "बोलत नाही, म्हणून ठेवलीय," अशी माझी ओळख करून देत. लोक हसत, मीही हसायचे... लहानपणी त्यांनीच मला सूक्ष्मदर्शकातून पानावरची छिद्रं दाखवली होती. त्या माणसाला मी बरेच दिवस शोधत राहिले.

पालीच्या बागेत सेन्सर कुठे पुरायचे, हे त्यांनी घरी बसून ठरवलं. नकाशावर समान अंतरावर ठिपके. आमच्याकडे कातळात खड्डा फोडतात, बाहेरून आणलेली माती भरतात आणि मग आंब्याचं कलम लावतात. ठिपके पडले दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेत. धाकूदादा म्हणाले, "सायब, हितं वीतभर मातीखाली निस्ता कातल हाय. झाड तकडं खड्ड्यात हाय." काकांनी मला इंग्रजीत सांगितलं, यांना समजावण्यात वेळ घालवू नकोस.

पाऊस थांबताच ती वीतभर माती वाळली. सेन्सर कोरडं कोरडं म्हणत राहिले, यंत्र ठिबकचा व्हॉल्व्ह उघडत राहिलं. मोहोराआधी हापूसला पाण्याचा ताण हवा, पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते, हे इथे कुणालाही ठाऊक असतं, एका शास्त्रज्ञाचा अपवाद सोडून. सगळी बाग तांबूस पालवीनं भरली. मोहोर नाही. दिसत मात्र फार सुंदर होती...

काकांनी अहवालात लिहिलं, राखणदारानं वेळापत्रक मोडून पाणी सोडलं. टाइप करताना मी त्यांना व्हॉल्व्हच्या नोंदी दाखवल्या. चष्मा पुसत ते म्हणाले, "त्याला दुसरीकडे काम मिळेल. मला दुसरं नाव मिळणार नाही." मी टाइप केलं. शुद्धलेखनही तपासलं.

शोकसभेत एक वक्ते तीच बाग घेऊन बसले. अडाणी हात विज्ञानाचं किती नुकसान करतात, वगैरे. टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून लोक माना हलवत होते. धाकूदादा हात जोडून फोटोकडे बघत होते. घरचं कुणी बोलेल का, असं विचारल्यावर काकूंनी नकार दिला.

मी उभी राहिले. माइकपर्यंत न जाता जागेवरूनच बोलले.

"त्या बागेत पाणी धाकूदादांनी सोडलं नाही. आमच्या यंत्रानं सोडलं. काकांना माहीत होतं. अहवालातलं ते खोटं वाक्य मी टाइप केलंय."