रिठीतली हाक

"सर, रिठी म्हणजे रिठ्याचं झाड ना? केस धुवायचं?"

प्रणालीने जुन्या नकाशावर बोट ठेवून विचारलं आणि आमचं अख्खं ऑफिस हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. म्हणजे सरकारी मोजणीदार. वर्धा जिल्ह्यातली शेतं मोजण्यात सत्तावीस वर्षं गेली. प्रणाली तेव्हा नवीनच लागली होती. स्पर्धा परीक्षा देऊन आलेली, हुशार. कोणत्या देशाची राजधानी कोणती, कोणता तह कधी झाला, विचारायचा अवकाश. चहाच्या वेळी ती आम्हाला प्रश्न विचारायची आणि आम्ही नापास व्हायचो. त्यामुळे त्या दिवशी मला जरा बरंच वाटलं.

"तुया जनरल नॉलेजमधी आलं नाई वाटते," मी म्हणालो. "पाय मंग गुगलवर."

रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. कधी पटकीने, कधी पाणी आटल्याने, कधी कारणही उरत नाही. सरकारी कागदावर गावाचं नाव, हद्द, शेतं सगळं शाबूत असतं. राहणारं कोणी नसतं. शेताची माती काळी, गाव जिथे होतं तिथली पांढरी. घरं जातात, पांढरी राहते. आणि पांढरीत पेवं राहतात. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीखालचा खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं. तोंडावर लाकडाच्या फळ्या, त्यांवर माती. फळ्या कुजतात, पण वरून काही दिसत नाही.

हे मला ठाऊक होतं. तिला मी सांगितलं नाही.

साहेबांनी बोलावलं. "भोयर, सोलर प्रकल्पाची मोजणी शुक्रवारपर्यंत हवी. रिठीची जागा आहे. त्या जुन्या कोतवालाला सोबत घ्या, त्याला सगळं माहीत आहे."

"नको साहेब. सुखदेव बाबा लय बडबड करते. दिवस जाते त्याच्यात."

कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावकामगार. सुखदेव बाबा रिटायर होऊन जमाना झाला होता आणि त्या रिठीच्या शेजारच्याच शेतात राहत होता. तरी मी त्याला निरोप पाठवला नाही.

सेलूच्या ऑफिसातून आम्ही दोघंच गेलो. डिसेंबर होता. तूर डोक्याच्या वर गेलेली. कोणीतरी पांढरीतही पेरून ठेवली होती. मोजणी आता रोव्हरने होते. काठीवर जीपीएस असतं, ती काठी घेऊन प्रत्येक बिंदूवर उभं राहायचं आणि बटण दाबायचं. ते काम प्रणालीचं. मी नकाशा घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली बसलो.

"सर, आत काही आहे का? साप-गिप?"

"काही नाई. जा."

तुरीचे शेंडे हलत हलत आत गेले. मग हलायचे थांबले. बिंदू घेत असेल, मला वाटलं.

तेवढ्यात हाक आली. "भोयर सर!"

हाकेला दिशा नव्हती. रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा घुमलेला, जाड आवाज. प्रणालीचा नव्हताच. शेंडे स्तब्ध होते.

माझी आई शेजारच्या गावची. लहानपणी आम्ही बैलबंडीतून त्या रिठीवरून मामाकडे जायचो. पांढरी आली की आई आमच्या तोंडावर बोट ठेवायची. "इथं हाक आली तं ओ देऊ नोको. थे आपल्या माणसाची नसते." एवढंच. का, ते तिने कधी सांगितलं नाही. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, असल्या गोष्टींना हसलो. पण सत्तावीस वर्षांत कुठल्याही रिठीत मी कोणाला नावाने हाक मारलेली नाही.

"भोयर सर... ओ सर..."

मी उठलो. पुन्हा बसलो. मी नकाशावरचे गट नंबर मनातल्या मनात वाचायला लागलो. तिसऱ्यांदा नुसतंच "सर" आलं, जमिनीला कान लावल्यावर ऐकू यावं तसं. मी ओ दिली नाही.

मग खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर प्रणालीचं नाव.

"सर, मी खड्ड्यात पडली. कवाची ओरडून राह्यली. आत्ता कुठं रेंज आली. ऐकू नाई आलं का तुमाले?"

"नाई," मी म्हणालो. "वारा आहे."

तुरीचं एकही पान हलत नव्हतं.

मी धावलो. मागून कोणी ओरडलं, "ए साहेब! थांब! धावू नोको!" सुखदेव बाबा. त्याच्या शेतातून हाक ऐकून दोर आणि बांबू घेऊन निघाला होता. माझ्यापुढे होऊन तो बांबू आपटत चालू लागला. ठस, ठस, ठस. मग एकदम ढब्, म्हणजे खाली पोकळ. तिथून वळसा. पुन्हा ठस, ठस. असे आम्ही तीन ठिकाणी वळसे घातले. मी जिकडे सरळ धावत सुटलो होतो, त्याच वाटेवर एक ढब् होतं.

पेवाचं तोंड दिसल्यावर मी पाय आत सोडले. बाबाने माझी कॉलर धरून मागे ओढलं.

"मराचं हाये का? खाली हवा नसते. बोलत ठेव तिले. झोपली तं गेली."

मी खाली तोंड करून ओरडलो, "प्रणाली, नेपाळची राजधानी?"

"काठमांडू."

"भूतानची?"

बराच वेळ गेला. "थिंपू."

"म्यानमार?"

काही आलं नाही. बाबा खाली वाकून ओरडला, "पोरी! तुया बापाचं नाव सांग! मोठ्यानं!" तिने सांगितलं. त्याने दोराचा फास खाली सोडला, काखेत अडकवायला लावला आणि आम्ही दोघांनी ओढलं. ती वर आली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होती. फक्त डोळे काळे.

घोटा मोडला होता. तिला ॲम्ब्युलन्सने वर्ध्याला नेलं.

धुऱ्यावर मी बाबाला विचारलं, "तुमी हाकेले ओ देल्ली?"

"मंग? देऊ नाई का?"

"माय म्हणे, रिठीत ओ देऊ नोको."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "अर्धंच सांगतलं तुया मायनं. 'ओ देजो, पण उतरू नोको', असं होतं थे. एक पेवात पडे, त्याले काढाले दुसरा उतरे, त्याच्यामागं तिसरा. माया बापानं एका घरचे तिघं पाह्यले. म्हणून म्हणत. ओ तं द्याच लागते ना बापा, नाई तं खालचा माणूस आसच सोडते."

जबाबात मी लिहिलं, 'वाऱ्यामुळे हाक ऐकू आली नाही.' रोव्हरमध्ये प्रणाली पडल्याची वेळ होती, फोनमध्ये तिने मला फोन केल्याची. मध्ये अकरा मिनिटं. वाऱ्याबद्दल कोणी शंका घेतली नाही.

तीन महिन्यांनी प्रणाली जराशी लंगडत कामावर आली. ज्याला त्याला सांगायची, "सरांमुळे वाचली मी." साहेबांनी प्रशस्तिपत्रासाठी माझं नाव पाठवायचं ठरवलं. त्या दुपारी मी तिच्या टेबलापाशी गेलो.

"प्रणाली, मले ऐकू आलं होतं. तिन्ही वेळा."

तिने पेन खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. आईचं, पेवांचं, ऑफिसात मुद्दाम सांगितलं नाही तेही.

"म्हणजे मी तुमाले भूत वाटली," ती म्हणाली. "सर, मी खाली आकडे मोजत होती. शंभर होईपर्यंत सर येतील, म्हणून. शंभर झाले की पुन्हा एकपासून."

मी साहेबांना लेखी दिलं.

"फाइल बंद झाली भोयर. आता कशाला?"

"उघडा साहेब."

उघडली. मला नोटीस आली, मी लेखी खुलासा दिला. प्रशस्तिपत्र गेलं, ते जायलाच हवं होतं. प्रणाली माझ्यासोबत मोजणीला येत नाही. तिने तसा अर्ज दिला आणि मी त्यावर 'हरकत नाही' लिहिलं. रिठीची मोजणी असली की ती सुखदेव बाबाला गाडीत घालून नेते, तो आपटत पुढे चालतो आणि ती प्रत्येक पेव नकाशावर लाल शाईने दाखवते. आमच्या ऑफिसच्या कोणत्याही नकाशात याआधी ते नव्हतं.

आजकालच्या पोरांना जुनं काही ठाऊक नसतं, असं चहाच्या वेळी अजून कोणी ना कोणी म्हणतंच. मी मान हलवत नाही. मोजणीत बिंदू चुकला तर दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा घेता येतो. सांगायचं राहिलेलं असं नंतर जाऊन घेता येत नाही.