जिजींच्या सैल बांगड्या

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या जिजी, देवळ्याहून नाशिकला आल्या की त्यांच्या पिशवीतून मेथी-कांद्यांच्याही आधी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा बाहेर यायचा. त्यात बिस्किटं कधीच नसायची. गावात डॉक्टरांनी कुणाला गोळ्या लिहून दिल्या आणि त्याला मध्येच बरं वाटलं, की त्याच्या उरलेल्या गोळ्या जिजींच्या डब्यात जमा व्हायच्या. नाव वाचायची त्यांना गरज वाटत नसे. लाल-काळी कॅप्सूल घशाला, पिवळी लांबडी जुलाबाला आणि पांढरी मोठी कशालाही. मी नुसती शिंकले तरी पाण्याचा तांब्या आणि लाल-काळी घेऊन पुढ्यात उभ्या. "ठेवली तर कामाला येती. औषध कधी वाया जात नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नको म्हटलं, की शिकलेल्या सुना गोळीलासुद्धा घाबरतात, हे मला ऐकू येईल अशा बेतानं भिंतीला सांगायच्या.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे मनगटातल्या हिरव्या बांगड्या. लग्नात चुडा भरला तेव्हापासून ते मनगट कधी उघडं पडलं नव्हतं. कासाराकडे नव्या भरतानाही जुनी एक हातात ठेवूनच बाकीच्या उतरवायच्या. भांडी घासताना एखादी पिचकली तर "वाढली" म्हणायच्या आणि नवी घालेपर्यंत त्यांना घास जायचा नाही. पुढे हात जाड झाला आणि बांगड्या अशा रुतून बसल्या की नवीन भरणंही बंद झालं. त्यात नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हार्ट अटॅक येऊन गेलेला. तेव्हापासून तर जिजी बांगड्यांना फारच जपायला लागल्या. "ह्यांच्या गोळ्यांपेक्षा माझा चुडा भारी," असं त्या आल्यागेल्याला सांगत आणि नाना वर्तमानपत्र जरा वर धरत.

ओवी, माझी मुलगी, सातव्या महिन्यातच जन्मली. माझं बीपी चढलं, झटके आले आणि घाईनं सिझेरियन करावं लागलं. मी खालच्या मजल्यावर आयसीयूत, आणि ओवी वर एनआयसीयूत, नवजात बाळांच्या काचेच्या पेटीत. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. संजय, माझा नवरा, नेमका सर्दीतापानं फणफणलेला, त्याला बाळाच्या दारातही उभं करत नव्हते. उरल्या जिजी. पुढचं बरंचसं मला नंतर संजयनं, नानांनी आणि तिथल्या शिंदे सिस्टरांनी सांगितलं. पण जिजींचा आवाज मला इतका पाठ आहे, की मी तिथे नव्हते हे माझंच मला पटत नाही.

ओवी जरा तग धरतेय असं वाटत असतानाच तिला दूध पचेना, अंग गार पडायला लागलं. रक्ताचा रिपोर्ट आला तशी डॉक्टर मॅडमनी जिजींना आणि नानांना बोलावून सांगितलं, "रक्तात जंतू सापडलाय. आणि आम्ही देतोय ती औषधं त्याला लागू पडत नाहीयेत."

"मंग त्याच्याहून भारी द्या ना," जिजी म्हणाल्या.

"ती भारीच होती, आजी. ह्या जंतूंनी ती पचवलीत. लोकांनी गरज नसताना घेतली, अर्धवट सोडली, आम्ही डॉक्टरांनीही सढळ हातानं दिली. त्यातून जे जंतू वाचले ते निर्ढावले. आता एकच औषध उरलंय. त्यानं किडनीवर ताण येतो, पण द्यावंच लागेल."

जिजी जरा पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "अर्धवट सोडली म्हंजे? उरलेल्या गोळ्या ठेवून देत्यात तसं?"

"तसंच."

"माझ्याकडं डबाभर हेत."

"तुमच्या डब्यातून हा जंतू आलेला नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "पण असे डबे घरोघर आहेत." जिजींना त्यातलं 'पण'च्या पुढचं तेवढं ऐकू आलं.

ते शेवटचं औषध सुरू झालं. ओवीचा श्वास जरा सावरला, तशा मॅडम म्हणाल्या, की आता हिला माणसाच्या अंगाची ऊब मिळाली तर फार बरं होईल. आईच्या उघड्या छातीवर असं बाळ ठेवतात, त्यानं त्याला बळ येतं. आई तर खाली बेशुद्धीतून नुकती बाहेर आलेली. मग आजीच्या छातीवर ठेवू. जिजींनी लगेच पदर खोचला. तेव्हा शिंदे सिस्टर मध्ये आल्या.

"आजी, बांगड्या काढाव्या लागतील. कोपराच्या खाली काही चालत नाही. बांगडीखाली साबण पोचत नाही, आणि हा जंतू हातावरूनच एका बाळाचा दुसऱ्याकडं जातो."

राग आला किंवा माया दाटली की जिजी अहिराणीवर यायच्या. "मनी नात शे ती," त्या म्हणाल्या. "मी तिला काय करणार हे?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सिस्टर, माझा मालक बाहेर बसलाय. त्याच्या काळजात स्प्रिंग बसवलीय. तो जित्ता असताना मी हात उघडे करू?"

सिस्टरांनी वाद घातला नाही. बाकीच्या पेट्यांमधली बाळं दाखवली फक्त. जिजी बाहेर आल्या आणि नानांसमोर उभ्या राहून त्यांना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, संजय म्हणतो, त्यांनी नानांना एखादी गोष्ट विचारली, सांगितली नाही.

नाना उठले. कॉरिडॉरच्या टोकाला बेसिन होतं. "आण हात," म्हणाले. जिजींनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाल्या, "फोडून टाका एकदाच्या." पण सिस्टरांनी बजावलं होतं, की फोडायच्या नाहीत, एक ओरखडा जरी आला तरी आत घेता येणार नाही. मग नानांनी साबण घेतला. कांद्याचं रोप उपटताना मूळ तुटू नये म्हणून जसा हलका हात लावतात तसा लावून, अंगठ्याचं हाड दाबून, त्यांनी एकेक बांगडी उतरवली. एकही काच फुटू दिली नाही. जिजींच्या डोळ्याला धार लागली होती. "तुम्हाला काय झालं म्हंजे?" त्या म्हणाल्या.

"माझं काय व्हायचं ते माझा डॉक्टर बघंल. तू पोरीचं बघ."

मला व्हीलचेअरवर बसवून पहिल्यांदा वर नेलं, तेव्हा मी ओवीच्या आधी जिजींचे हात पाहिले. मनगटावर बांगड्यांचे पांढरे वळ, त्याच्या वर हिरवं गोंदण, आणि त्या हातांच्या घडीत माझी मूठभर मुलगी, डोक्यावर लोकरीची टोपी. जिजींनी मला तोंडभर हसून विचारलं, "हात धुतले का?" मी आई होते, पण तिथे दाद नव्हती. गावाकडून अंगारा, काळा दोरा घेऊन आलेली नणंद तर दारातूनच परत गेली. "आधी हात धुई ये," एवढंच जिजी म्हणाल्या, आणि ती धुऊन आल्यावर अंगारा बाहेरच्या बाहेर नानांच्या कपाळाला लावायला सांगितला.

पुढचा रिपोर्ट चांगला आला. त्याच्या पुढचा त्याहून चांगला. रक्तात जंतू नव्हता आणि किडन्याही शाबूत होत्या. मी त्या दिवशी इतकी रडले की सिस्टरांनी मला खोलीबाहेर बसवलं. ठरलेला कोर्स पुरा झाल्यावर मॅडमनी औषध बंद करायला सांगितलं, तसा संजयचा जीव खालीवर व्हायला लागला. "मॅडम, आणखी थोडे दिवस चालू ठेवलं तर? खात्रीला?"

"बंद म्हंजे बंद," जिजी त्याला म्हणाल्या. "पुरं घ्यायचं आणि थांबायचं. जास्तीचं घेऊन का जंतूंची शाळा काढायची हे?" डॉक्टर मॅडम त्या महिन्यात तेव्हाच पहिल्यांदा हसताना दिसल्या.

घरी आल्यावर डब्यातल्या गोळ्या मेडिकलवाल्याच्या हवाली झाल्या. डबा जिजींनी ऊन पाण्यानं घासला आणि त्यात बिस्किटं भरली. देवळ्यात आता कुणी उरलेल्या गोळ्यांची पट्टी घेऊन आलं, की त्याला चहा आणि बिस्किट मिळतं, वर बोलणी मिळतात.

बारशाच्या आधी जिजी भद्रकालीच्या बाजारात कासाराकडे गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी मापापेक्षा मोठ्या बांगड्या मागितल्या. "मावशी, ह्या गळून पडतील," कासार म्हणाला. "पडू दे. हात धुवाया निघाल्या पायजेत," जिजी म्हणाल्या. तेव्हापासूनची त्यांची सवय: कुणाचंही तान्हं मूल घ्यायचं झालं, की आधी बांगड्या सरकवून नळावर अडकवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, मग मूल. ओवी चालायला लागल्यावर नळावरच्या बांगड्या पुन्हा आजीच्या हातात घालायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नसे.

मागच्या वर्षी नाना गेले. झोपेतच गेले, हे त्यातल्या त्यात बरं. देवळ्याच्या अंगणात बायका जमल्या आणि एक म्हातारी चुलतसासू दगड घेऊन जिजींजवळ सरकली. मला पुढचं ठाऊक होतं आणि ते बघवणार नव्हतं. जिजींनी हात मागे घेतला.

"फोडायच्या नाय," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "ह्यांनी साबण लावून एकेक उतरवल्या व्हत्या. एक काच फुटू दिली नाय. आन आता त्यांच्या समोर तुम्ही फोडता व्हय?"

त्या उठल्या, अंगणातल्या नळापाशी गेल्या, बांगड्या सरकवून नळावर अडकवल्या आणि नेहमीसारखे कोपरापर्यंत हात धुतले. मग येऊन नानांच्या पायांवर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. चुलतसासूनं दगड कधी खाली ठेवला ते कुणी पाहिलं नाही.

नानांना नेलं. जिजी पुन्हा हात धुवायला नळाशी आल्या. ओवी, जी आता पहिलीत आहे आणि जिला ह्यातलं काही कुणी सांगितलेलं नाही, तिथे आधीच जाऊन उभी होती. तिनं नळावरच्या बांगड्या काढल्या आणि नेहमीसारखा आजीचा हात ओढला. अंगणातल्या बायका बघत होत्या. मला वाटलं, आता कुणीतरी बोलणार.

"थांब जरा, पुसू दे," जिजी ओवीला म्हणाल्या. "वल्ल्या हाताला बांगडी घालायची नाय." त्यांनी पदराला हात पुसला आणि पुढे केला. ओवीनं एकेक करून सगळ्या घातल्या. कुणीच काही बोललं नाही, आणि रडतारडता मला फार हायसं वाटलं.