कवळी आणि इयत्ता पाचवी

घरून निघताना सांगितलं होतं, शिवथरची घळ पाहून चार दिवसांत परत येतो. हिच्या आग्रहाने हॅटही घेतली. वरंधा घाटात ती माझ्या डोक्यावर कमी आणि शेजारच्याच्या कोंबड्यांच्या टोपलीवर जास्त होती. महाडला गाडी बदलून मुक्कामासाठी पोलादपूरला उतरलो, तर साडू वसंतराव स्टँडवर हजर.

वसंतराव तिथल्या नव्या हायस्कुलाचे हेडमास्तर. हायस्कूल म्हणजे भाताच्या वखारीचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात अजून भातच होतं, त्यामुळे भूगोलाच्या तासाला उंदीरही बसत.

"घळ कुठे पळून जात नाही," जेवताना ते म्हणाले. "सोमवारी तपासणी आहे. पाचवीत वीस मुलं हवीत, एकोणीसच आहेत. नाहीतर वर्ग बंद. वर डोंगरावर कुडपणला एक मुलगी चौथी पास होऊन घरी बसलीय. उद्या चला बरोबर. हॅट घाला, वजन पडेल."

सकाळी निघालो. वसंतराव चढले, मी बसत बसत वर गेलो. वर सपाटी, पिकलेली नाचणी, मोकळा वारा. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "देवीवाले आले गो." (देवीवाले म्हणजे देवीची लस टोचणारे.) क्षणात वाडीत एक पोर दिसेना. हॅट, पिशवी, हजेरीपट. आमचं वजन फारच पडलं होतं.

मुलीचा बाप धोंडू मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला. तो बाही वर करूनच ओटीवर उभा होता. "साहेब, आपली टोचणी कंप्लीट हाय. ही बघा खूण. पोरगी घरात नाय."

माळ्यावर कोणीतरी शिंकलं.

"मांजर हाय," धोंडू म्हणाला.

वसंतरावांनी हजेरीपट उघडताच त्याची बायको पुढे आली. "नाव लिवायचं नाय. लिवलं की टोचतात. आधी पिशवी दावा."

मी पिशवी उलटी केली. पंचा, दंतमंजन, दोन लाडू आणि एक डबी.

"सुई तिच्यात हाय."

डबी रिकामी होती. ती माझ्या कवळीची. हे पटवायला एकच मार्ग होता. मी तोंडातली कवळी काढून डबीत ठेवली.

मग माळ्यावरून एक उलटं डोकं लोंबलं. "परत काढा."

ही पारू. ती उतरली, तिच्यामागे वाडीतली पोरं जमली. मी सात वेळा कवळी काढली. आठव्यांदा नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं पुढे आलं, म्हणून सुटलो.

"शाळेत रोज दावतील?" पारूने विचारलं.

वसंतराव जन्मात खोटं बोलले नव्हते. "रोज," ते म्हणाले.

"मग धाडतो," धोंडू म्हणाला. "पोलादपुरात माझी भैन हाय, तिच्याकडं ऱ्हाईल."

सोमवारी पाचवीत वीस डोकी भरली, आणि दिलेल्या शब्दापायी मीही कवळीसकट वर्गात बसलो. तपासणीसाहेबांनी मला विचारलं, "आपण काय शिकवता?" वसंतराव खोकले. पारू उभी राहिली. "ह्ये तोंडातनं दात काढून दावतात, साहेब."

साहेबांनी मला व्हरांड्यात नेलं. आता वर्ग गेला असं वाटलं. त्यांनी हळूच विचारलं, "कुठे करून घेतली? माझी बोलताना निसटते."

वर्ग राहिला, शिवथर राहून गेलं. घरी हिने विचारलं, "घळ कशी होती?" मी म्हटलं, "पोरं फार होती."

दिवाळीत पारूचं कार्ड आलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं. "आता पाचवीत तेवीस आहोत. तुम्ही नाय आलात तरी चालेल."