मुहूर्ताचा ड्रम

भिकाने शेठच्या आईचा, बांचा हात पिरगाळला, असं माझ्यासमोर कोणी म्हणालं की मी त्याला तिथेच थांबवते. राखोलीच्या चहाच्या टपरीवर थांबवलंय, भाजीवाल्यापाशी थांबवलंय, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेल्या एका बाईला तर वाण हातात असताना थांबवलंय. ती वाण ठेवून निघून गेली. जाऊ दे. हात पिरगाळला नव्हता. मनगट धरलं होतं आणि लगेच सोडलं होतं. ते का धरलं हे ज्याला ऐकायचं नाही, त्याने निम्मी गोष्ट गावभर सांगत फिरू नये.

मी कुसुम. सिल्वासाजवळ राखोलीच्या एका केबल कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करते. भिका माझ्या समोरच्या लाइनचा ऑपरेटर होता. शिरपूरकडचा माणूस, उंच, काटकुळा आणि विलक्षण चिडका. लोक मला विचारतात, एवढा का चिडायचा, घरी काही दुःख होतं का? काही नव्हतं. बायको सोनी भली, राहायला कंपनीची खोली, दोन्ही वेळचं जेवण गरम. काही माणसं चिडकीच असतात. डब्यातल्या भाजीवर तेल जास्त तरंगताना दिसलं तरी ह्याच्या कपाळाला आठी. कँटीनवाल्याशी डाळीवरून त्याने अबोला धरला होता, आणि मीठ हवं असलं की मला मागायला लावायचा. "ताई, त्याले सांग, मीठ दे." तो कँटीनवाला समोर उभा असायचा.

पण खरा राग मशीनपाशी. आमचं मशीन म्हणजे चकलीचा मोठा सोऱ्या समजा. वरच्या हॉपरमधून, म्हणजे मोठ्या नरसाळ्यातून, प्लास्टिकचा दाणा खाली पडतो, तापलेल्या नळीत स्क्रू त्याला मळत पुढे रेटतो, आणि पुढच्या तोंडातून तो तारांवर सालीसारखा चढतो. मग केबल पाण्याच्या कुंडातून निघून गार होते. दाण्यात काही कचरा गेला की तो आत जळतो आणि सालीत अडकतो. तिथे फोड येतो, नाहीतर भोक पडतं. म्हणून हॉपरच्या आसपास कोणी काही खाल्लेलं भिकाला खपायचं नाही. आमचा प्रॉडक्शनचा ललित एकदा शेंगदाणे खात, फोलपटं फुंकत हॉपरला टेकून उभा होता. भिकाने त्याच्या हातातली पुडी काढून घेतली आणि सरळ खिडकीबाहेर फेकली. ललित रत्नागिरीचा, शिकलेला, गोड बोलणारा. तो तेव्हा हसला. हसणारी माणसं विसरत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता दसऱ्याचं ऐका. आमच्याकडे दसऱ्याला मशीनची पूजा होते, तशी सिल्वासातल्या बहुतेक कारखान्यांत होते. आमच्या शेठच्या घरची रीत मात्र वेगळी. पूजा चालू मशीनची करायची. सकाळपासून मशीन तापवून, दाणा भरून तयार ठेवायचं, मुहूर्ताला बटण दाबायचं, आणि त्या मुहूर्तावर केबल गुंडाळून जो पहिला ड्रम भरेल तो विकायचा नाही. तो दान द्यायचा. थोरल्या शेठनी सुरू केलेली रीत, ते गेले तरी चालू आहे. चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. ह्या वर्षी ड्रम खेरडीच्या पलीकडच्या मुलींच्या वसतिगृहाला जाणार होता. त्यांच्या बोअरला नवीन पंप बसला होता आणि केबल जुनी, जागोजागी चिकटपट्ट्या लावलेली होती.

पूजेला शेठच्या आई आल्या. सगळे त्यांना बा म्हणतात. वय झालंय, नजर अधू आहे, पण ह्या भागात जन्म गेल्यामुळे मराठी छान समजतं. त्यांनी मशीनला कुंकू लावलं, हार घातला, नारळ फुटला. मग त्यांनी अक्षतांची मूठ भरली आणि म्हणाल्या, "पहेलो कोळियो मशीनने." पहिला घास मशीनला. आणि हात उघड्या हॉपरवर नेला.

एवढ्या वर्षांत त्यांनी अक्षता मशीनवर टाकल्या होत्या, आत कधी टाकल्या नव्हत्या. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एकट्या भिकाच्या होतं, कारण तो हॉपरशेजारीच डोळे वटारून उभा होता. "बा, आत नको," असं तो ओरडला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं. अर्धी मूठ फरशीवर सांडली. अर्धी आत गेली.

बा घाबरल्या, हे खरं. म्हातारं माणूस, अंगावर कोणी असं ओरडल्यावर घाबरणारच. शेठचा चेहरा लाल झाला. भिकाने मनगट सोडलं आणि त्याला जे एकच सुचायचं ते तो बोलला. "शेठ, हॉपर खाली करना पडेगा. चावल अंदर गया."

"मुहूर्त निकल रहा है," शेठ म्हणाले. "चलाओ."

भिका जागचा हलला नाही. ललित पुढे आला आणि त्याने बटण दाबलं.

केबल निघायला लागली. माझ्या टेबलाच्या अलीकडे स्पार्क टेस्टर आहे. लोंबत्या मण्यांच्या पडद्यातून केबल जाते, मण्यांत वीज असते, आणि साल कुठे फुटकी असली की तिथे भोंगा वाजतो. भोंगा वाजला की त्या जागी मी लाल पट्टी बांधते. त्या दिवशी सुरुवातीचा थोडा भाग नीट गेला. मग भोंगा वाजायला लागला आणि वाजतच राहिला. पट्टी बांधून हात काढते न काढते तोच पुढचा. मी बोट फिरवून पाहिलं, तर साल घामोळं आल्यासारखी खरखरीत, आणि मधेमधे काळे ठिपके. बाहेर पेढे वाटले जात होते. ड्रम भरला तेव्हा तो लाल पट्ट्यांनी नटलेला होता.

सुट्टी संपून कामावर आले तर ड्रमवर एकही पट्टी नव्हती. झेंडूचा हार होता. ललितने पट्ट्या सोडून टाकल्या होत्या.

मी त्याला विचारलं. आवाज चढवूनच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मुहूर्ताचा ड्रम भंगारात टाकायचा? शेठना चालेल? अपशकुन आहे तो." मी म्हटलं, चाचणीत नापास झालेला माल आहे. तर म्हणतो, "बोअरमध्येच तर सोडायचीय. खाली जाऊन कोण बघणार आहे?"

हे वाक्य मी आजही विसरले नाही आणि विसरणार नाही. बोअरमध्ये सोडायची म्हणजे पाण्यात सोडायची. वरची साल भोकं पडलेली, आत पाणी शिरणार, आतल्या तारांवरचं आवरण कागदासारखं पातळ, ते किती दिवस टिकणार? आणि वर, बोअरच्या लोखंडी पाइपला हात लावून, ओल्या पायांनी पोरी बादल्या भरणार. हे ललितला कळत नव्हतं असं नाही. त्याला चांगलं कळत होतं.

मी शेठकडे गेले. माझं ऐकून घेतलं त्यांनी, नाही म्हणणार नाही. ऐकलं आणि म्हणाले, "कुसुमबेन, पहले उस आदमी को बोलो बा की माफी मांगे. बाकी बाद में." मी पुन्हा केबलचं काढलं. ते पुन्हा बांचं. दाराबाहेर आले तर तिथेही तेच. मोठ्या बाईवर हात टाकला. देवाच्या दारात हात टाकला. सगळा कारखाना एका मनगटाबद्दल बोलत होता, आणि तो ड्रम हार घालून गेटपाशी उभा होता. ज्यांनी ज्यांनी भोंगा स्वतःच्या कानाने ऐकला होता, ते मला शांत राहायला सांगत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भिकाला मी सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही. "पट्ट्या कोनी सोड्या?" एवढंच विचारलं. मी नाव सांगितलं. तो मान हलवून कामाला लागला.

ड्रम न्यायला टेम्पो आला त्या सकाळी भिकाने मेंटेनन्सच्या खोलीतून ग्राइंडर आणला, वायर ओढत गेटपर्यंत नेली, हार काढून नीट खुंटीवर अडकवला, आणि ड्रमवर आडवा काप घातला. ड्रमवर केबल थरावर थर गुंडाळलेली असते. असा एक काप आरपार गेला की प्रत्येक वेढा तुटतो, आणि लांबलचक केबलचे नुसते तुकडे उरतात. वॉचमन ओरडत होता, ललित लांबूनच ओरडत होता, जवळ जायची कोणाची छाती नव्हती. जळक्या प्लास्टिकचा धूर झाला. काप पूर्ण झाल्यावर भिकाने ग्राइंडर बंद केला आणि तो जागेवर नेऊन ठेवला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. असा आनंद रागातूनच होतो.

पुढे जे व्हायचं ते झालं. दान मोडलं म्हणून शेठ पेटले. पोलिसांत देतो म्हणाले. मग ललितने मध्यस्थी केली, गोड बोलण्यात त्याचा हात कोण धरणार. ठरलं असं की भिकाने सगळ्यांसमोर बांची माफी मागायची. मागितली तर ड्रमचंही विसरू, नोकरीही राहील आणि खोलीही. नाही तर दोन्ही सोडायचं. सगळ्यांना वाटलं शेठ किती मोठ्या मनाचे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. सोनी भांडी आपटत होती. ती मला म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा याले. केबलचं जाऊ द्या, ते बरोबर केलं यानं. पण बाईचा हात धरला का नाही? म्हातारी घाबरली का नाही? तेवढ्याची माफी मागायला काय जातंय?"

भिका दारात बसला होता. मला वाटलं आता तिच्यावर खेकसेल. पण तो म्हणाला, "हात धरला त्यानी माफी मागसू. तेवढी माझ्याकडे निघते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बा खुर्चीवर बसल्या होत्या, शेठ शेजारी, ललित कागद आवरल्यासारखं करत मागे. आम्ही सगळे दारात गर्दी करून. भिका धुतलेला शर्ट घालून आला. चप्पल बाहेर काढली, हात जोडले, वाकला. ललितच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान मला स्पष्ट दिसलं.

"बा, माफ करा," भिका मराठीत म्हणाला. "मी तुमचा हात धरला, तो उशिरा धरला. मूठ उघडायच्या आधी धरायला पाहिजे होता. अर्धे तांदूळ आत गेले, ती माझी चूक."

शेठ ताडकन उठले आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. भिकाने चप्पल घातली आणि तो गर्दीतून वाट काढत निघून गेला.

बा मात्र मुलाकडे बघत होत्या. "चोखानुं शुं थयुं?" त्यांनी विचारलं. तांदळाचं काय झालं? शेठ म्हणाले, काही नाही बा, घरी चला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा अपमान, त्यांची माफी, त्यांची श्रद्धा, सगळं त्यांच्या नावावर चाललं होतं, आणि त्या बाईला कोणी एका शब्दाने काही विचारलं नव्हतं की सांगितलं नव्हतं. माझा सगळा संताप उसळून वर आला. मी आत गेले. ललित म्हणाला, "मॅडम, तुम्ही नका." मी त्याला बाजूला केलं आणि बांना सगळं सांगितलं. अक्षता, भोंगा, लाल पट्ट्या, त्या कोणी सोडल्या, ड्रम कोणाकडे जाणार होता. शेठ दोनदा मधे बोलले. बांनी दोन्ही वेळा हात वर करून त्यांना गप्प केलं.

माझं बोलणं संपलं तेव्हा बांनी विचारलं, "छोकरीओ माटे हतुं?" मुलींसाठी होतं?

हो म्हटलं.

"भिकाला बोलवा," त्या म्हणाल्या.

वॉचमन धावत खोलीवर गेला. भिका आणि सोनी सामान बांधत होते. वॉचमन एकटाच परत आला, दारात घुटमळला, आणि मग त्याने निरोप सांगितला. भिका म्हणाला होता, माझी माफी मागून झाली. आता ज्यांची राहिली असेल त्यांनी यावं.

बा लगेच उठल्या. काठी शोधायला लागल्या. शेठनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, बा, तुमची तब्येत बघा, दिवाळी होऊ दे, मग मी स्वतः गाडी काढतो.

भिका आता गलोंड्याला पाइपच्या कारखान्यात गाडीत माल चढवतो. मशीनजवळ त्याला कोणी येऊ देत नाही, कारण बाईवर हात टाकणारा अशी त्याची ख्याती त्याच्या आधी तिथे पोचली. वसतिगृहाच्या बोअरला अजून तीच चिकटपट्ट्यांची केबल आहे. ललित सिनिअर झाला. राखोलीहून गलोंड्याला गाडीने जायला असा कितीसा वेळ लागतो. दिवाळी होऊन गेली, संक्रांत गेली, होळी तोंडावर आलीय, आणि शेठची गाडी अजून निघालेली नाही.