नव्या गाडीचा पेढा
पेढ्याचा वास आला की मोशीतली ती संध्याकाळ आठवते आणि माझं डोकं सटकतं. मधुमेह आणि वाढलेलं वजन, म्हणून मी सावकाश पळायला निघाले होते. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवता ठेवता शेजारच्या दादांनी पेढा पुढे केला, "घ्या ओ ताई, एकानं काय हुतंय?" मी ठाम नाही म्हटलं. गोळी घेतलेली, त्यात पळणं; परतताना शुगर एकदम उतरली, लगेच गोड खाणं भाग होतं. पेढ्यासाठी त्यांच्यापुढेच हात पसरला. "बघा, पळून पळून शेवटी पेढ्यावरच आल्या!" दादांचं ऐकून त्यांच्या घरचे सगळे हसले, मी भरल्या तोंडानं पेढा चावत राहिले. आता माझ्या खिशात खडीसाखर असते. त्यांच्या दारावरून जाताना गरज नसली तरी मी ती मुद्दाम कडाकडा चावते. शुगर वाढली तर वाढू दे.