बंद दारामागची पानपोळी

नाताळ जवळ आला की नागपूरच्या सदर भागातल्या मार्थाबाईंच्या स्वयंपाकघराला एक दिवस आतून कडी लागायची. सकाळी लागलेली कडी दुपार कलल्याशिवाय निघायची नाही. आत मार्थाबाई एकट्या. बाहेर त्यांचे यजमान शालिकराम, रेल्वेतून निवृत्त झालेला भला माणूस, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा मागवायचे अन् येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आज आमच्या घरी कर्फ्यू आहे."

आत व्हायची ती पानपोळी. ती काय असते हे नागपुरात दुसऱ्या कुणाला विचारायला जाऊ नका, कुणी सांगणार नाही. मैदा गरम दुधात घट्ट भिजवायचा, पाटावरची नक्षी दिसेल इतका पातळ लाटायचा, मग बारक्या सुरीनं तिरपे काप देऊन पानाच्या शिरा काढायच्या. एकेक काप उचलून दुसऱ्यावर दुमडायचा अन् पोळी कडक तळायची. मार्थाबाईंची आई सिग्रिदूर हे करायची. ही बाई आइसलँडची. पहिल्या महायुद्धाच्या आसपास मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून नागपुरात आली, तिथल्याच शांतवन नावाच्या कंपाउंडरशी तिनं लग्न केलं, लुगडं नेसायला शिकली, अन् मार्था जेमतेम दहा वर्षांची असताना तापानं गेली. मागं राहिली ती हाडाच्या मुठीची एक सुरी, लेकीचे घारे डोळे, अन् दाराच्या फटीतून बघून बघून शिकलेली ही पानपोळी.

हो, फटीतून. आई दार लावूनच करायची, म्हणून मार्थाबाईही दार लावूनच करायच्या. कुणी आत यायचं नाही, कुणी तोंड उघडायचं नाही. आईच्या देशाची हीच रीत असणार, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं.

घाऱ्या डोळ्यांनी मात्र बाईला जन्मभर ताप दिला. सीताबर्डीत कापड घ्यायला गेल्या की नवा दुकानदार हमखास इंग्रजीत भाव सांगायचा, तोही चढवून. मग मार्थाबाईंचा पारा चढायचा. "काहून लुटून राहिला गा मले? सदरची आहो मी!" दुकानदार गारच पडायचा.

चौऱ्याहत्तर साली या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अरुंधतीचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, येत्या फेब्रुवारीत लग्न ठरलेलं. ती जाणार जबलपूरला. मार्थाबाईंनी सुरी तिच्यापुढं ठेवली.

"या वर्षी तू बस वं आत. मले काप दिसत नाही आता. तुझ्या आजीची सुरी आहे, सासरी घेऊन जाशील."

अरुंधतीनं सुरीला हातसुद्धा लावला नाही. "मी नाही बसत. लहान होती तेव्हा याच दारावर थापा मारून मारून रडली मी. तू उघडलं नाही. विचारलं तं म्हणे, एकटीनंच करायचं असते. असली रीत मले नको, आई."

"म्हणजे माझ्यासंगंच संपलं म्हणायचं माझ्या आईचं?"

"तूच ठरव," अरुंधती म्हणाली अन् ऑफिसला निघून गेली.

झालं! मायलेकींचं बोलणं बंद. शालिकराम बिचारे दोघींच्या मधे मीठ-लोणच्याचे निरोप पोचवत बसले. मार्थाबाईंनी हट्टानं पुन्हा कडी लावली, चाचपडत थोड्या पोळ्या कापल्या. निम्म्या फाटल्या. फाटक्या पोळ्यांकडं बघून बाई हमसून हमसून रडल्या, पण कडी काही काढली नाही.

अरुंधती होती खडकांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी कचेरीत टायपिस्ट. इथला काळा पत्थर बघायला तिथं त्याच दिवसांत एइनार नावाचा एक पाहुणा आला. तो कुठल्या देशाचा ते कानावर पडलं मात्र, रविवारी पोरीनं त्याला उचलून घरीच आणलं. रुसवा रुसव्याच्या जागी. आई कशाची वाट बघते हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

कारण आजवर नागपुरात आलेल्या एकूणएक पाद्र्याला मार्थाबाई विचारत आल्या होत्या, आइसलँडात योन्सदोत्तिर घराणं कुठं राहतं? आईचं तेवढंच आडनाव त्यांना ठाऊक. पाद्री "विचारून बघतो" म्हणायचे अन् बदली होऊन जायचे. एइनार खुर्चीत नीट टेकलाही नव्हता, तोच बाईंनी विचारलं. अरुंधतीनं ते इंग्रजीत त्याला सांगितलं, अन् त्याचं उत्तर मराठीत आईला.

"त्यांच्याकडं आडनावच नसते म्हणे, आई. योन्सदोत्तिर म्हणजे योनची मुलगी. लग्न झालं तरी बाई बापाच्याच नावानं ओळखली जाते. अन् योन तं तिथं गल्लोगल्ली आहेत."

"अरे बाप्पा!" शालिकराम म्हणाले. "म्हणजे परक्यानं नागपुरात उतरून विचारावं, गणपतरावाची पोरगी कुठी राहते?"

पाहुणा हसला, अरुंधती हसली. मार्थाबाईंना नाही हसू आलं. जन्मभर जे घराणं शोधलं ते नव्हतंच मुळी. आता कुणाला विचारायचं? पोरीसमोर रडायचं नव्हतं, म्हणून त्या लगबगीनं उठल्या अन् डब्यातल्या धड उरलेल्या पानपोळ्या घेऊन आल्या.

एइनारनं ताटलीकडं बघितलं अन् बोलता बोलता थांबला. एक पोळी उचलून त्यानं खिडकीच्या उजेडात धरली. कापांवरून बोट फिरवलं. मग तो भरभर बोलायला लागला. उत्तरेकडं त्याच्या आजीच्या गावी नाताळाआधी हेच करतात, अगदी असंच.

"कुणी कुणी कापल्या या?" त्यानं विचारलं.

"मी," मार्थाबाई म्हणाल्या. "एकटीनं."

"एकटीनं? का?"

हे का काय विचारणं झालं? "तुमच्याकडची रीतच नं ती? दार लावून, चूप बसून."

अरुंधतीनं ते सांगितलं तसा तो गोंधळला. मग हळूहळू बोलला. अरुंधती ऐकत गेली अन् एकेक वाक्य आईला सांगत गेली.

"तो म्हणते, एकटं कोणीच करत नाही. सगळं घर बसते. आजी लाटते, काका कापतात, पोट्टे नासवतात. भांडणं, गाणी, कल्ला नुसता. ज्याचं त्याचं पान वेगळं. तो म्हणते... त्याच्यासाठीच तं करतात. सगळ्यांनी मिळून बसावं म्हणून."

मार्थाबाई ताटली मांडीवर घेऊन बसल्या. दाराच्या फटीतून दिसायची ती आईची पाठ त्यांना आठवली. पाटावर वाकलेली, हलणारे खांदे. पोळी लाटताना खांदे हलतातच, असं त्या पोरवयात समजल्या होत्या. पण कापताना कुणाचे खांदे हलतात?

"रडून राहिली होती ती," मार्थाबाई म्हणाल्या. "तिच्या देशाचं इथं कोणी नव्हतं म्हणून एकटी बसे. अन् आपण रडतो हे लेकराले दिसू नये म्हणून दार लावे. मी त्यालेच रीत समजली." मग पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "अवं आई, मी दाराबाहेरच उभी होती नं वं. बोलवायचं नाही का मले!"

अरुंधती येऊन आईला चिकटून बसली. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

थोड्या वेळानं मार्थाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला अन् हुकूम सोडला, "मैदा काढ." पाट समोरच्या खोलीत आले, सतरंजी पसरली. शेजारच्या सिंधूताईंना हाक गेली, त्या हातचं काम टाकून आल्या अन् दारातल्या रांगोळीतलं कमळच त्यांनी पोळीवर कापून काढलं. शालिकरामांनी संत्रं काढायला घेतलं, त्याचा झाला बटाटा. एइनारनं आपल्या आजीचं पान कापलं, ते मार्थाबाईंच्या पानापेक्षा वेगळं निघालं. मग कोणतं बरोबर यावरून शालिकराम अन् पाहुणा एकमेकांची भाषा येत नसताना मनसोक्त भांडले.

अरुंधतीपुढं पोळी आली. मार्थाबाईंनी हाडाच्या मुठीची सुरी तिच्या हातात दिली. पोरीनं श्वास रोखला, ओठ घट्ट मिटले अन् पहिला काप द्यायला वाकली.

"अवं, बोल काही तरी," मार्थाबाई म्हणाल्या. "चूप बसून नसते कापायचं हे."