दहावा बिंदू

आमच्या ऑफिसात किस्से तयार व्हायला वेळ लागायचा नाही. वेळ लागायचा तो फाइल उघडायला! तोवर चार माणसं एका खोलीत नुसती बसलेली असली की दुसरं होणार काय?

खोली फुलचूरला, हार्डवेअरच्या दुकानावर. विमानातून लेझर मारून खालच्या जमिनीचे आणि झाडांचे कोट्यवधी बिंदू टिपलेले असायचे. त्या लायडार फाइली 'आर' नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचायच्या आणि धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत कोणतं झाड मर्यादेपेक्षा उंच आहे ते कळवायचं. आम्ही कळवलं की झाड तुटणार! फाइली वाचायची प्रज्ञा, आणि तिचं गाव नेमकं त्याच वाटेखाली.

*

फाइल वाचणं सुरू असताना कूलर बंद, हा आमचा कायदा. एकदा कूलर लावला, यूपीएस किंचाळला आणि सकाळपासूनचं काम पाण्यात गेलं, तेव्हापासूनचा.

मे महिन्यात नागपूरहून एक साहेब आले. बघतात तर सगळे घामाने निथळत, गप्प, एका स्क्रीनकडे डोळे लावून! त्यांनी हळूच बूट बाहेर काढले.

"कोई सीरियस है क्या?"

"हाँ साहब," आमचा ड्रायव्हर टेकचंद म्हणाला, "फाइल!"

*

पहिल्याच फाइलीत समुद्रसपाटीपासूनची उंची आम्ही तशीच झाडांना चिकटवली. जमिनीची उंची वजा करायची राहूनच गेली! एकेक बाभूळ तीनशे मीटर! आमचे मालक कटरे सर हादरले.

"म्हणजे सगळंच कापावं लागते का?"

"मंग बांधावरचं गवतबी कापा," टेकचंद म्हणाला. "थेबी तेवढंच उंच हाये!"

आम्ही पोट धरून हसलो. प्रज्ञा हसली नाही. चूक सुधारून आकडे खाली येईपर्यंत तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही.

*

कॉम्प्युटरला एवढी फाइल झेपेना, म्हणून सरांनी युक्ती काढली. दर दहा बिंदूंतला एकच वाचायचा! फाइल झटक्यात उघडली. प्रज्ञाच्या आईचं मोहाचं झाड मर्यादेच्या जरासं खाली आलं. त्या झाडाची फुलं वेचूनच आईने तिला शिकवलं होतं. टेकचंदने समोसे आणले.

समोसा हातात तसाच धरून प्रज्ञा म्हणाली, "सर, मोबाइल टावरचा शेंडा कुठं गेला?"

न वाचता सोडून दिलेल्या नऊ बिंदूंतच तो शेंडा गेला होता.

"टावर काय पळून चालला का?" सर वैतागले. "रिपोर्ट संध्याकाळी जायला पाहिजे."

"विमान शेंड्यालेच लागते, सर!"

खरं सांगतो, मला तिचा राग आला. पूर्ण फाइल वाचली तर काय निघू शकतं, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्या वाटेने शिकाऊ पोरं विमान उतरवायची, तेही तिला कळत होतं.

*

मग पूर्ण फाइल, तुकड्यातुकड्याने. टावरला शेंडा परत आला. शेवटी मोहाचा तुकडा उघडला आणि झाड मर्यादेच्या वर गेलं. थोडंसंच, पण वर.

सर जवळ आले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "प्रज्ञा, वरचे दोन-चार बिंदू पक्षी असतील. काढून टाक. कोण विचारते?"

पक्ष्यांचे बिंदू आम्ही काढायचो, हे खरं. पण ते हवेत सुटे दिसतात. हे फांदीला धरून होते. सगळ्यांना दिसत होतं, तरी मीही म्हणालो, "काढ ना, बाई!"

तिने काढले नाहीत. तसाच रिपोर्ट पाठवला आणि आईला फोन लावला. तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"आई, आपला मोह तोडतीन."

पलीकडे आईने आधी कोंबड्या हाकलल्या.

"कोनं मोजलं?"

"म्याच मोजलं."

"मंग बरोबरच असन. आता दुसऱ्या कोनाले मोजाले लावू नोको."